राखीव आसन आणि न दिसणारे दिव्यांगत्व : एसटीच्या प्रवाशांसाठी मार्गदर्शन

एसटी बसमधील राखीव आसनावरून होणाऱ्या अनेक वादांचे मूळ एकाच समजुतीत असते, आणि ती समजूत अशी की ज्याला हे आसन मिळायला हवे त्याची अडचण इतरांना दिसलीच पाहिजे. हातात कुबडी, डोळ्यांवर काळा चष्मा किंवा पायाला कॅलिपर असेल तर प्रवासी सहसा न सांगता उठतात. परंतु हृदयविकार, अपस्मार, मूत्रपिंडाचा आजार, अंशतः दृष्टिदोष, हिमोफिलिया किंवा मानसिक आजार असलेली व्यक्ती बाहेरून धडधाकट दिसते आणि तिने त्याच आसनावर बसण्याचा प्रयत्न केला की तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. बारामती-नीरा मार्गावरील सोमेश्वरनगर परिसरात हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण येथे बसमधील सहप्रवासी अनोळखी नसतात. ते भावकीतले, शेजारच्या वस्तीवरचे, कारखान्यातले किंवा महाविद्यालयातले असतात आणि त्यांच्यासमोर आजाराचे नाव उच्चारले की ते संध्याकाळपर्यंत गावभर होते. अशा स्थितीत आसन कोणी मागावे, किती सांगावे, कोणी उठावे, कोणी कागद पाहावा आणि अपमान झाल्यास कोठे जावे, याविषयी वाचकांच्या मनात वारंवार येणाऱ्या शंकांचे निरसन येथे केले आहे.

राखीव आसन : काय आहे आणि काय नाही

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्याच्या अनुसूचीत ते एकवीस झाले आणि त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता अशा, अनोळखी माणसाला चेहऱ्यावरून न कळणाऱ्या अनेक अवस्थांचा समावेश झाला. म्हणजे आसनाजवळ रंगवलेली ‘अपंगांसाठी राखीव’ ही अक्षरे जुनी असली, तरी त्यांच्या छत्राखाली येणाऱ्या व्यक्तींचे वर्तुळ कायद्याने बरेच मोठे केले आहे.

आसनाजवळ अनेकदा दिसणारे चाकाच्या खुर्चीचे चिन्ह १९६८ साली सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने तयार केलेल्या रेखाटनावरून आले असून, ते जगभर सुगम्यतेची सर्वसाधारण खूण म्हणून वापरले जाते. केवळ चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठीच ती जागा आहे, असा त्याचा अर्थ नाही. साध्या एसटीच्या उंच पायऱ्या पाहता चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती तेथपर्यंत एकट्याने पोहोचणेच कठीण असते, त्यामुळे प्रत्यक्षात या आसनाची गरज चालत येऊन बसणाऱ्यांनाच अधिक पडते.

यासोबत तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात :

- तिकिटातील सवलत आणि बसण्याचा हक्क एक नव्हेत. पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आणि महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत मिळते. परंतु केवळ सवलतीचे तिकीट हाती आहे म्हणून दिव्यांगांसाठी राखलेल्या आसनावर हक्क निर्माण होत नाही.
- प्रत्येक राखीव आसनाचा प्रवर्ग वेगळा असतो. महिला, ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग यांच्यासाठीच्या जागा स्वतंत्रपणे लिहिलेल्या असतात. त्या एकमेकींच्या बदल्यात मागताना विनंती करावी, हक्क सांगू नये.
- खिडकीतून टाकलेला रुमाल, टोपी किंवा पिशवी म्हणजे आरक्षण नव्हे. ही पद्धत सर्वत्र रूढ असली तरी राखीव आसनावर तिला काहीही आधार नाही, आणि जागा धरणारा माणूस नंतर सावकाश चढणार असेल तर तेथे गरजूला बसू देणे हाच योग्य मार्ग आहे.

उभे राहणे कोणाला आणि का अवघड जाते

सहप्रवाशांनी वैद्यकीय ज्ञान मिळवावे, अशी अपेक्षा नाही. मात्र शंका घेण्यापूर्वी पुढील उदाहरणे ठाऊक असल्यास पुष्कळ गैरसमज टळतात.

- डायलिसिसचे रुग्ण. यांच्या हातावर शस्त्रक्रियेने धमनी व शीर जोडलेली असते (तिला फिस्टुला म्हणतात) आणि त्या हातावर दाब किंवा ओझे येऊ न देण्याची सूचना त्यांना दिलेली असते. बसमध्ये वरचा दांडा धरून लोंबकळणे, गर्दीत तोच हात दाबला जाणे, यांतून त्यांना धोका असतो; शिवाय डायलिसिसनंतर रक्तदाब उतरून चक्कर येण्याची शक्यता असते. सदऱ्याची बाही खाली ओढलेली असेल तर यांपैकी काहीच दिसत नाही.
- अंशतः दृष्टिदोष असलेले. दृष्टीचे क्षेत्र कडेने आक्रसलेली व्यक्ती मोबाइलवरील अक्षरे वाचू शकते, पण पायरी, पुढे आलेली पिशवी किंवा संध्याकाळच्या अंधारातला दांडा तिला दिसत नाही. ‘मोबाइल बघता येतो, मग आंधळे कसले?’ हा प्रश्न म्हणूनच अज्ञानाचा आहे.
- हिमोफिलियाचे रुग्ण. रक्त गोठण्याची प्रक्रिया मंद असल्यामुळे गतिरोधकावर बसलेल्या धक्क्याने आसनाच्या कडेवर गुडघा आपटला, तरी सांध्याच्या आत रक्तस्राव होऊ शकतो.
- अपस्मार (फिट येणे) असलेले. उभ्याने फिट आल्यास पडून डोक्याला इजा होण्याची भीती असते. बसलेले असताना ती कमी होते.
- हृदय, फुप्फुस आणि सांध्यांचे विकार. अँजिओप्लास्टी, बायपास किंवा सांधेबदल झालेल्या व्यक्ती सपाट जमिनीवर सहज चालतात. परंतु हालत्या बसमध्ये तोल सावरण्यासाठी लागणारी ताकद आणि दम त्यांच्याकडे असेलच असे नाही.
- पोटावर शौचपिशवी बसवलेले. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर लावलेली पिशवी कपड्याखाली असते आणि गर्दीच्या रेट्यात ती दाबली गेली तर सुटू शकते.
- ऐकू न येणारे. त्यांना पायांची अडचण नसते, पण वाहकाने पुकारलेला थांबा कळण्यासाठी पुढची जागा उपयोगी पडते. ‘सरका’ म्हटल्यावर न सरकणारा माणूस उर्मट नसून बहिरा असू शकतो.
- स्वमग्न मुले आणि तीव्र भयविकार असलेल्या व्यक्ती. हॉर्न, गोंगाट आणि अंगाला लागणारी गर्दी त्यांना असह्य होते. खिडकीजवळची बसण्याची जागा मिळाल्यास प्रवास निभावतो.

यांशिवाय गरोदरपणाचे पहिले महिने, गर्भपात किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी या अवस्था एकवीस प्रकारांच्या यादीत नाहीत, तरी त्यांतील व्यक्तीची बसण्याची निकड तितकीच खरी असते. मूत्रपिंडाचा आणि हृदयाचा विकारही त्या यादीत स्वतंत्रपणे नोंदलेला नाही. कायद्याचे प्रमाणपत्र आणि शरीराची गरज यांची व्याप्ती सारखी नसते, ही बाब पुढील सर्व सूचनांचा पाया आहे.

आसन हवे असणाऱ्यांनी काय करावे

१. बस आणि वेळ निवडावी. शक्य असेल तर महाविद्यालय व शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेतील फेरी टाळून तिच्या आधीची किंवा नंतरची फेरी घ्यावी. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्यांमुळे रस्त्यावर वेळ अधिक जातो, तर श्रावणातील सोमवारी करंजेच्या सोमेश्वर मंदिराकडे भाविकांची रीघ लागते. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरेवरून आणि तुकाराम महाराजांची पालखी बारामती-इंदापूर भागातून जाते, तेव्हा वाहतूक वळवली जाते आणि उभ्याने काढावा लागणारा वेळ वाढतो. दवाखान्याची तारीख घेतानाच हे दिवस लक्षात ठेवलेले बरे.

२. बस जेथून सुटते तेथून चढण्याचा विचार करावा. बारामतीहून परतताना मधल्या थांब्यापेक्षा मुख्य स्थानकावर चढल्यास आसन मिळण्याची शक्यता वाढते. लांबच्या गाडीला आरक्षणाची सोय असेल तर ते आधी करावे, कारण आरक्षित क्रमांकाच्या आसनाबाबत वादाला जागा राहत नाही.

३. आसनाची जागा विचारपूर्वक निवडावी. मागच्या चाकांच्या मागे असलेल्या आसनांवर धक्के सर्वाधिक बसतात, म्हणून मणक्याचा त्रास असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि शस्त्रक्रिया झालेल्यांनी दोन्ही चाकांच्या मधील जागा पाहावी. राखीव आसन भरलेले असेल तर तेथेच अडून न राहता अशी दुसरी जागा मागणे शहाणपणाचे ठरते.

४. चढतानाच वाहकाला सांगावे. बस सुटल्यावर आणि दाटीवाटी झाल्यावर वाहकाला मागून पुढे येणे कठीण जाते. दारातच एका वाक्यात सांगितल्यास तो जागा करून देऊ शकतो. विनावाहक गाडीत ही विनंती तिकीट घेताना खिडकीवर किंवा बस सुटण्यापूर्वी चालकाकडे करावी.

५. कागद हाताशी ठेवावेत. दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी कार्ड) असल्यास ते, नसल्यास डॉक्टरांचे अलीकडचे पत्र किंवा डिस्चार्ज कार्डाची प्रत खिशात असावी. ती सहप्रवाशांना दाखवण्यासाठी नव्हे, तर गरज पडल्यास वाहकाला किंवा वाहतूक नियंत्रकाला दाखवण्यासाठी असते.

किती सांगावे आणि कोणत्या शब्दांत

आसन मागताना आजाराचे नाव सांगणे बंधनकारक नाही. विशेषतः अपस्मार, मानसिक आजार, कुष्ठरोग किंवा एचआयव्ही यांसारख्या अवस्थांचा उल्लेख गावात पसरला, तर त्याचे परिणाम लग्न जुळण्यापासून नोकरीपर्यंत होतात, आणि म्हणून अशा व्यक्ती अनेकदा त्रास सोसून उभ्याच राहतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाला आपल्या आजाराविषयी गोपनीयतेचा हक्क आहे, तर त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार न्यायालयाच्या आदेशाखेरीज कोणालाही आपली एचआयव्ही स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही.

यावर उपाय असा की गरज सांगावी, निदान सांगू नये. पुढील वाक्ये जशीच्या तशी वापरता येतील :

- “मास्तर, मला उभं राहून प्रवास जमत नाही. तेवढी बसायला जागा करून द्या.”
- “दादा, ही राखीव सीट मला लागणारे. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केलीय.”
- “ताई, माझ्या या हाताला धक्का लागू देऊन चालत नाही. जरा आत सरकता का?”
- “मावशी, पोराला गर्दीचा त्रास होतो. खिडकीपाशी बसू द्याल का?”

‘काय झालंय तुम्हाला?’ असा प्रश्न आलाच, तर ‘औषधपाणी चालू आहे’ इतके उत्तर पुरेसे आहे. प्रश्न पुन्हा विचारला गेल्यास वाद न घालता वाहकाला हाक मारावी. स्वतःची बाजू सिद्ध करण्यासाठी ओळखपत्र सगळ्या बसला दाखवत फिरू नये. जे स्वतःहून आजार सांगू इच्छितात त्यांनी जरूर सांगावा, परंतु तो निर्णय त्यांचा आहे. सोबत आलेल्या नातेवाइकांनीही त्यांच्या वतीने मोठ्याने सांगून टाकू नये. सुनेच्या, मुलीच्या किंवा मुलाच्या आजाराची वाच्यता प्रेमापोटी झाली तरी तिचा भार त्या व्यक्तीलाच वाहावा लागतो.

राखीव आसनावर आपण बसलेले असाल तर

आसन रिकामे असताना त्यावर बसणे गैर नाही. मात्र बसताना ते सोडण्याची तयारी ठेवूनच बसावे. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

- प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्यांकडे एकदा पाहावे. डोळे मिटून झोपेचे सोंग घेणे किंवा इअरफोन लावून खिडकीकडे तोंड करणे, यांमुळे मागणाऱ्याला बोलणे अधिक अवघड होते.
- कोणी मागितल्यास कारण न विचारता उठावे. खोटे बोलून आसन मिळवणारा एखादा निघेलही; पण त्याला बसू दिल्याने होणारे नुकसान थोडे असते आणि खऱ्या गरजूला उभे ठेवल्याने होणारे नुकसान मोठे असते.
- कोणी मागितले नाही, परंतु एखादी व्यक्ती घामाघूम झाली आहे, दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी आहे किंवा धापा टाकते आहे असे दिसल्यास, “बसता का?” एवढेच विचारावे. ती नको म्हणाली तर आग्रह करू नये.
- “एवढ्या तरुण वयात कसला आजार?”, “चांगली धट्टीकट्टी तर दिसतेस!”, “काल तर शेतात काम करत होतास ना?” अशी वाक्ये टाळावीत. अनेक आजारांत दिवसागणिक फरक पडतो. मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा संधिवाताचा रुग्ण एक दिवस कामाला जाऊ शकतो आणि दुसऱ्या दिवशी जिना चढू शकत नाही.
- आपल्यालाच न दिसणारी अडचण असेल तर उठण्याची सक्ती नाही. “मलाही उभं राहता येत नाही” असे शांतपणे सांगावे आणि समोरच्यानेही ते तितक्याच विश्वासाने मान्य करावे.

तरुण प्रवाशांवर या बाबतीत दुहेरी अन्याय होतो, कारण त्यांच्याकडून उठण्याची अपेक्षा सर्वांत आधी केली जाते आणि त्यांच्या आजारावर विश्वास सर्वांत शेवटी ठेवला जातो. पास काढून रोज महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बालमधुमेह, सिकलसेल किंवा हृदयाच्या झडपेचा विकार असू शकतो. वडीलधाऱ्यांनी ‘ऊठ रे’ असे फर्मावण्याऐवजी ‘बाळा, जागा देता येईल का?’ असे विचारले, तर मान राखूनही नकार देण्याची वाट त्यांना मोकळी राहते.

एका आसनावर दोघांची गरज आली तर

अशा वेळी पुढील क्रमाने विचार केल्यास निर्णय सोपा होतो :

१. आसनाच्या प्रवर्गात बसणारी आणि ओळखपत्र असलेली व्यक्ती हजर असेल, तर तिचा हक्क प्रथम.

२. दोघांकडेही ओळखपत्र असेल किंवा दोघांकडेही नसेल, तर जिला मुळीच उभे राहता येत नाही तिला बसू द्यावे. थोडा वेळ तग धरू शकणाऱ्याने थांबावे.

३. गरज सारखीच वाटत असेल तर लांबचा प्रवास असलेल्याला जागा द्यावी, किंवा अंतर वाटून घ्यावे. करंजेपुलाला उतरणारा आणि बारामतीपर्यंत जाणारा यांची निकड वेगळी असते.

४. तरीही तिढा सुटला नाही तर वाहकाने ठरवावे आणि इतर प्रवाशांनी राखीव नसलेल्या आसनांपैकी एक मोकळे करून द्यावे. बसमधील बाकीच्या जागाही माणसांसाठीच आहेत आणि त्यांवर बसलेला सशक्त प्रवासी उठला तर वादच उरत नाही, हे बहुतेक वेळा विसरले जाते.

एक संभाव्य पेच स्पष्ट केला पाहिजे. ऐकू न येणाऱ्या व्यक्तीकडे ओळखपत्र आहे आणि नुकताच डायलिसिस करून आलेल्या रुग्णाकडे ते नाही, अशा वेळी लिखित नियम पहिल्याच्या बाजूने आहे. परंतु ओळखपत्रधारकाने स्वखुशीने जागा दिल्यास त्याचा हक्क कमी होत नाही, आणि ती देण्यासाठी त्याच्यावर दबाव आणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

वैश्विक ओळखपत्र कोणी आणि कसे काढावे

केंद्र शासनाचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी कार्ड) हा दिव्यांगत्वाचा देशभर चालणारा पुरावा आहे. ज्यांची अवस्था एकवीस प्रकारांत मोडते त्यांनी, आजार बाहेरून दिसत नाही म्हणून संकोच न करता, ते काढून घ्यावे.

- अर्ज. स्वावलंबन संकेतस्थळावर आधार, छायाचित्र, पत्ता आणि उपचारांची कागदपत्रे जोडून अर्ज करावा. संगणक हाताळता येत नसेल तर गावातील सेवा केंद्रातून तो भरता येतो.
- तपासणी. अर्जात निवडलेल्या रुग्णालयाकडून तारीख मिळते. न दिसणाऱ्या आजारांत तपासणी करणारे डॉक्टर मुख्यतः जुन्या नोंदींवर अवलंबून असतात, म्हणून केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि डिस्चार्ज कार्डे तारखेनुसार लावून न्यावीत.
- टक्केवारी आणि रंग. चाळीस टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्वासाठी पांढरे, चाळीस ते ऐंशीपेक्षा कमी टक्क्यांसाठी पिवळे आणि ऐंशी टक्के व त्यापुढे निळे कार्ड असते. एसटीच्या भाडेसवलतीसह बहुतेक योजनांसाठी किमान चाळीस टक्क्यांची अट आहे.
- नकार मिळाल्यास. प्रमाणपत्र नाकारले किंवा टक्केवारी अमान्य असेल तर कायद्यातील कलम ५९ नुसार अपील करता येते.

पांढरे कार्ड निरुपयोगी समजू नये. चाळीस टक्क्यांची अट योजनांच्या लाभासाठी आहे. समानतेची वागणूक आणि अपमानापासून संरक्षण मिळण्यासाठी कायद्याने टक्केवारी ठरवलेली नाही.

ज्यांचा आजार एकवीस प्रकारांच्या यादीत नाही त्यांनीही एसटीच्या सवलतींची स्वतंत्र यादी पाहावी. तीत कर्करोगासारख्या आजारांचे तसेच सिकलसेल, हिमोफिलिया, डायलिसिस आणि एचआयव्हीचे रुग्ण ठरावीक अटींवर समाविष्ट आहेत. कोणत्या बसला, किती अंतरापर्यंत आणि कोणत्या प्रमाणपत्रावर ही सवलत मिळते, हे प्रवासापूर्वी आगारात विचारून घ्यावे.

कागद पाहण्याचा अधिकार कोणाचा

सवलतीचे तिकीट देताना ओळखपत्र पाहणे हे वाहकाचे काम आहे आणि ते त्याला दाखवलेच पाहिजे. राखीव आसनाबाबत वाद झाल्यास तोच ते पाहू शकतो. सहप्रवाशांना मात्र कोणाचेही ओळखपत्र, औषधाची चिठ्ठी किंवा शस्त्रक्रियेचा व्रण पाहण्याचा अधिकार नाही. वाहकांनीही कार्ड पाहिल्यावर त्यावरील आजाराचा प्रकार मोठ्याने वाचून दाखवू नये. ‘कार्ड आहे, जागा द्या’ एवढे म्हणणे पुरेसे असते. जागा मिळवून दिल्यानंतर ती व्यक्ती बसेपर्यंत चालकाने गाडी हलवू नये, कारण तोल जाण्याचा धोका नेमका त्या काही क्षणांत असतो.

अपमान झाल्यास किंवा मदत नाकारल्यास

१. बसमध्येच तिकीट जपून ठेवावे आणि बसचा क्रमांक, मार्ग, वेळ व शक्य असल्यास वाहकाचा बिल्ला क्रमांक टिपून घ्यावा. मोबाइलवर चित्रफीत काढून ती समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह आवरावा, कारण त्यातून तक्रारदाराचा आजारही जगजाहीर होतो.

२. बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाकडे तक्रार-पुस्तक मागून त्यात नोंद करावी, किंवा आगार व्यवस्थापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

३. त्याने भागले नाही तर विभाग नियंत्रकांकडे, आणि हक्क डावलला गेल्याची बाब असेल तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे अर्ज करता येतो. राज्य आयुक्तांना अशा तक्रारींची चौकशी करून संबंधित यंत्रणेला शिफारस करण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे.

४. गंभीर प्रसंगी पोलिसांत तक्रार करता येते. सार्वजनिक ठिकाणी दिव्यांग व्यक्तीला खाली पाहायला लावण्याच्या हेतूने तिचा जाणूनबुजून अपमान करणे किंवा तिला धमकावणे, हा कलम ९२ नुसार गुन्हा असून त्यासाठी सहा महिने ते पाच वर्षे कारावास आणि दंडाची तरतूद आहे.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी. कोणी उठायला नकार दिला एवढ्यावरून हे कलम लागू होत नाही. त्यासाठी अपमानाचा हेतू आणि तो सार्वजनिक ठिकाणी घडणे, या दोन्ही बाबी लागतात. नकाराची तक्रार एसटीकडे आणि अपमानाची तक्रार कायद्याकडे, अशी विभागणी केल्यास दोन्हींना वजन येते.

वारंवार होणाऱ्या चुका

- आपली अडचण कोणीतरी ओळखेल अशी वाट पाहत मुकाट्याने उभे राहणे. मागितल्याशिवाय न दिसणारी गरज कोणालाही कळत नाही.
- नातेवाइकाचे ओळखपत्र वापरणे किंवा आजाराचे खोटे कारण सांगणे. खोटेपणा एकदा उघड झाला की पुढच्या दहा खऱ्या माणसांवरचा विश्वास उडतो.
- सोबत्याला राखीव आसनावर बसवून दिव्यांग व्यक्तीला आतल्या बाजूला कोंबणे. चढ-उताराच्या दृष्टीने दाराजवळची बाजू कोणाला सोयीची आहे, ते त्या व्यक्तीलाच विचारावे. हिमोफिलिया किंवा फिस्टुला असलेल्यांना खिडकीकडची, तर सांधेबदल झालेल्यांना पाय सरळ ठेवता येण्यासाठी मोकळ्या वाटेकडची जागा बरी पडते.
- पुढच्या राखीव आसनांसमोर बाजाराच्या पिशव्या, दुधाचे कॅन आणि खतांची पोती रचणे. आसन मोकळे असूनही तेथपर्यंत जाता येत नसेल तर ते भरल्यासारखेच आहे.

बाहेरील देशांतील खुणा येथे उपयोगी पडतील का

टोकियो महानगर प्रशासनाने २०१२ मध्ये लाल पट्टीवर पांढरा अधिक आणि हृदयाचे चिन्ह असलेली ‘हेल्प मार्क’ ही खूण सुरू केली; लंडनच्या वाहतूक यंत्रणेने २०१७ पासून ‘कृपया मला जागा द्या’ अशा अर्थाचे बिल्ले वाटले; तर २०१६ मध्ये गॅटविक विमानतळावर सूर्यफुलांचे चित्र असलेली हिरवी फीत सुरू झाली आणि ती पुढे अनेक देशांत पोहोचली. तिन्हींचे तत्त्व एकच आहे : आजाराचे नाव न सांगता गरज कळवणे. मोठ्या शहरातील अनोळखी गर्दीत अशी खूण गोपनीयता राखते. परंतु सोमेश्वरनगरसारख्या ठिकाणी गळ्यातली फीत पाहून ‘ही कशाची?’ असा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जाईल आणि जे लपवायचे तेच चर्चेत येईल. म्हणून येथे खुणेपेक्षा एक वाक्य आणि त्या वाक्यावर विश्वास ठेवण्याची सवय अधिक उपयोगी आहे. ही सवय लावण्याची उत्तम जागा म्हणजे शाळा व महाविद्यालये, कारण सकाळच्या बसमधील बहुसंख्य प्रवासी तेथेच जाणारे असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एखाद्या कार्यक्रमात आगारातील वाहकांना बोलावून यावर तासभर चर्चा घडवून आणणे कोणत्याही संस्थेला विनाखर्च शक्य आहे.

प्रवाशांनी एवढेच ठरवावे की राखीव आसन मागणाऱ्याला कारण विचारायचे नाही आणि आपल्याला गरज असेल तेव्हा ते मागायला लाजायचे नाही. तपासणीचे काम वाहकाचे, उपचाराचे काम डॉक्टरांचे आणि उठून जागा देण्याचे काम प्रवाशाचे आहे. ज्याने त्याने आपापले काम केले तर वादाला कारण उरणार नाही.